परदेशात थोड्या काळासाठी शिकवायला, संशोधनाला जाताना: नाशिककर प्राध्यापकांसाठी व्हिसा आणि मुक्कामाच्या दिवसांचा हिशेब

कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवर परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्यांच्या पाट्या मोजायला गेलात तर थकाल. पण त्यांचा सगळा धंदा विद्यार्थ्यांवर चालतो. एखादी प्राध्यापिका तिथे जाऊन म्हणाली, की मला चार महिने फ्रान्समधल्या प्रयोगशाळेत काम करायचंय, पगार इथलाच चालू राहणार आहे, तर समोरचा माणूस क्षणभर गडबडतो आणि मग म्हणतो, "मॅडम, टुरिस्टच टाका ना, पटकन होतो." हा सल्ला ऐकायचा नाही. फिरायला आलोय असं सांगून प्रयोगशाळेत बसणं म्हणजे पुढच्या प्रत्येक व्हिसाअर्जावर स्वतःच्या हाताने डाग लावून घेणं.

हा लेख नाशिकच्या कॉलेजांतल्या, मुक्त विद्यापीठातल्या, आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न संस्थांतल्या आणि चितेगाव फाट्याच्या कांदा संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी काम करणाऱ्यांसाठी आहे. दोन आठवड्यांपासून दोन वर्षांपर्यंत बाहेर जायचं आणि परत यायचं, एवढाच विषय. कायमचं जाणाऱ्यांसाठी इथे काही नाही.

पहिली पायरी: तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा

किती दिवस? तिथे नेमकं करणार काय? पैसे कोण देणार?

बहुतेक जण देशापासून सुरुवात करतात, "जर्मनीचा व्हिसा कसा काढायचा" असं विचारतात. जर्मनीचा असा एकच व्हिसा नसतो. दहा दिवसांची परिषद, दोन महिन्यांचा इथल्या पगारावरचा संशोधन दौरा आणि तिथल्या विद्यापीठाचा वर्षभराचा करार, या तीन गोष्टींचे तीन वेगळे रस्ते आहेत. उत्तर देशावरून ठरत नाही, या तीन प्रश्नांवरून ठरतं.

त्यातला पैशाचा प्रश्न लोक उगाच लाजत विचारतात. पगार इथून येणार, की शिष्यवृत्ती आहे, की तिथलं विद्यापीठ वेतन देणार, की फक्त विमानाचं भाडं आणि राहणं? वेतन तिथलं असेल तर पाहुण्याच्या वर्गातून तुम्ही बाहेर पडून कामगाराच्या वर्गात जाता, मग भले काम तेच असो. यजमान प्राध्यापकाला हे ईमेलवर स्पष्ट विचारा. तिकडच्या लोकांना त्यात काही वावगं वाटत नाही.

दुसरी पायरी: आमंत्रणपत्र नीट लिहून घ्या

माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा कागद हाच, आणि सर्वांत घाईत लिहिला जाणाराही हाच. यजमान प्राध्यापक भला माणूस असतो. तो चार ओळी लिहून पाठवतो, की आमच्या प्रयोगशाळेत पुढच्या वर्षी येऊन सहकार्य केलंत तर आनंद होईल. या पत्राने दूतावासातल्या अधिकाऱ्याला काहीच कळत नाही.

समजा, आपल्या एका वनस्पतिरोगशास्त्राच्या प्राध्यापिकेला द्राक्षावरच्या डाऊनी रोगावर काम करायला फ्रान्समधल्या मोंपेलियेला जायचंय. तिच्या पत्रात तिचं पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, इथलं पद आणि संस्था हवी. कामाबद्दल एक नेमकं वाक्य हवं: "द्राक्षवेलीवरील डाऊनी मिल्ड्यूच्या नमुन्यांचा जनुकीय अभ्यास, आमच्या प्रयोगशाळेत, अमुक प्राध्यापकांसोबत." मुक्कामाची पहिली आणि शेवटची तारीख हवी, "वसंत ऋतूत" किंवा "सुमारे तीन महिने" असं नको. आमच्याकडून वेतन नाही, निवासाची सोय आमची, बाकीचा खर्च तिच्या इथल्या पगारातून, हेही त्यातच यावं. विभागाच्या लेटरहेडवर, सही आणि संपर्कासह.

असं पत्र मागायला संकोच वाटत असेल तर मसुदा तुम्हीच तयार करून पाठवा. यजमान उलट सुटकेचा निश्वास टाकतो.

तारखा टाकताना मात्र थांबून विचार करा, कारण पुढे रजेचा अर्ज, विमा, तिकीट आणि व्हिसा सगळे या तारखांच्या मागून चालतात. युरोपात कमी मुदतीच्या व्हिसावर जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं (हिशेब पुढे येतोच), पण म्हणून बरोबर ९० दिवसांचं आमंत्रण मागवू नका. विमान रद्द झालं, आजारी पडलात, तर एक दिवससुद्धा हातात राहत नाही. ८० ते ८५ मागवा.

तिसरी पायरी: व्हिसाच्या स्टिकरवरच्या दोन तारखा आणि एक आकडा

इथेच घोडं पेंड खातं. व्हिसा किती काळ चालू आहे आणि तुम्ही किती दिवस राहू शकता, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ब्रिटनचा दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा मिळाला, तरी एका खेपेला राहता येतं सहा महिनेच. अमेरिकेचा दहा वर्षांचा बी, म्हणजे पाहुण्यांचा, व्हिसा हा विमानतळापर्यंत जाऊन आत येऊ द्या म्हणण्याचा परवाना असतो. किती दिवस राहायचं ते उतरल्यावर तिथला अधिकारी ठरवतो आणि ते आय-९४ नावाच्या नोंदीत जातं. ती नोंद ऑनलाइन दिसते. उतरल्याच्या दिवशीच काढून पाहा, चूक असेल तर तेव्हाच दुरुस्त होते.

शेंगेनचं, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांचं, स्टिकर तर जरा खोडकरच आहे. त्यावर "कधीपासून" आणि "कधीपर्यंत" अशा दोन तारखा असतात आणि शेजारी "ड्युरेशन ऑफ स्टे" म्हणून दिवसांचा आकडा. समजा, १ मार्च ते १४ मे अशा तारखा आहेत आणि आकडा ६० आहे. तारखांमधले दिवस मोजले तर ७५ भरतात. मग १५ दिवस जास्तीचे मिळाले का? नाही. प्रवास पुढेमागे झाला तर सोय म्हणून नियमातच १५ दिवसांची सवलत धरलेली असते. राहायचे दिवस साठच. १ मार्चला उतरलात तर २९ एप्रिलला बाहेर. उतरल्याचा दिवसही मोजतात आणि निघाल्याचाही.

चौथी पायरी: ९० आणि १८० चं गणित

शेंगेनमध्ये आता २९ देश आहेत. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड त्यात येतात, बल्गेरिया आणि रोमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आले. ब्रिटन, आयर्लंड आणि सायप्रस त्यात नाहीत. या सगळ्या देशांत मिळून, कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, असा कमी मुदतीच्या व्हिसाचा नियम आहे. फ्रान्समधून जर्मनीत गेलात म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही.

"कोणत्याही १८० दिवसांत" याचा अर्थ जानेवारी ते जून असा गठ्ठा नाही. तुम्ही तिथे असलेल्या प्रत्येक दिवशी, तो दिवस धरून मागचे १८० दिवस पाहायचे आणि त्यात आपण किती दिवस आत होतो ते मोजायचं. आकडा ९० च्या वर जाता कामा नये.

आपल्या त्याच प्राध्यापिकेचं उदाहरण घेऊ. ती १ मार्च ते २९ एप्रिल असे ६० दिवस फ्रान्समध्ये राहून नाशिकला परतली. पुढे १० ऑगस्टला इटलीत परिषद आहे आणि तिथूनच काही काम करून २० सप्टेंबरला परतायचंय, म्हणजे ४२ दिवस. दोन्ही खेपांचे व्हिसे हातात आहेत असं धरू. कोणीही म्हणेल, साठ वापरले, तीस उरले, बेचाळीस जमणार नाहीत. पण मोजून पाहा. २७ ऑगस्टला मागचे १८० दिवस बरोबर १ मार्चपर्यंत जातात. त्या दिवशी जुने ६० आणि नवे १८ मिळून ७८ भरतात. २८ ऑगस्टपासून रोज एक नवा दिवस वाढतो आणि मार्चमधला एक जुना दिवस खिडकीबाहेर पडतो. म्हणजे आकडा ७८ वरच राहतो. ४२ दिवस आरामात बसतात.

आता तेच साठ दिवस तिने १ मे ते २९ जून असे काढले असते तर? ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मे-जूनचा एकही दिवस बाहेर पडत नाही. १० ऑगस्टपासून मोजलं तर ८ सप्टेंबरला नव्वद पूर्ण. त्याच दिवशी बाहेर पडायला हवं, परतीचं तिकीट २० सप्टेंबरचं असलं तरी.

हे हाताने मोजायचा कंटाळा असेल तर युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट कॅल्क्युलेटर आहे. तरी एकदा हाताने करून पाहाच, म्हणजे यंत्राने दिलेलं उत्तर समजतं. पूर्वी पासपोर्टवरचा शिक्का पुसट आला तर काही जण निभावून न्यायचे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची डिजिटल नोंद टप्प्याटप्प्याने सुरू केली आहे. त्यात दिवस आपोआप मोजले जातात. कोणाशी गोड बोलून काही होत नाही.

वारंवार जाणाऱ्यांसाठी एक चांगली बातमी. एप्रिल २०२४ मध्ये युरोपने भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम सैल केले. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे मिळवून ते नियमाने वापरले असतील, तर दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पासपोर्टची मुदत तेवढी असेल तर पाच वर्षांचा. नव्वद दिवसांचं बंधन मात्र त्यावरही तसंच राहतं.

कागदांचं थोडक्यात: अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. शुल्क ९० युरो, केंद्राचा सेवाआकार वेगळा. विमा किमान ३०,००० युरोंचा. पासपोर्ट मागच्या दहा वर्षांतला आणि परतीनंतर किमान तीन महिने चालणारा. आपल्या प्राध्यापकांची खरी अडचण वेगळीच असते. सुट्टी मे-जूनमध्ये, आणि नेमकी तेव्हाच निम्मी मुंबई स्वित्झर्लंड पाहायला निघालेली. अपॉइंटमेंट मिळत नाही. मेमध्ये जायचं असेल तर जानेवारीतच तारीख धरून ठेवा.

नव्वद दिवसांहून जास्त युरोपात

मग कमी मुदतीचा सी व्हिसा नाही, लांब मुदतीचा डी व्हिसा. हा संपूर्ण शेंगेनचा नसून त्या एका देशाचा असतो आणि पुढे तिथल्या राहण्याच्या परवान्यात बदलतो. संशोधकांसाठी युरोपीय संघाचा २०१६ चा एक निर्देश आहे. त्यानुसार यजमान संस्थेशी "होस्टिंग अ‍ॅग्रीमेंट" करावं लागतं. साध्या आमंत्रणपत्राने भागत नाही, हा संस्थेने सही केलेला करार असतो. फ्रान्समध्ये त्याला "कोंव्हांस्यों दाकेय" म्हणतात. मेलमध्ये हा शब्द दिसला तर घाबरू नका, तीच गोष्ट आहे. डेन्मार्क आणि आयर्लंड या निर्देशात नाहीत, त्यांचे नियम स्वतंत्र.

या परवान्यावर राहिलेले दिवस त्या देशापुरते नव्वदच्या हिशेबात धरत नाहीत. शिवाय संशोधकाचा परवाना असेल तर दुसऱ्या सदस्य देशातल्या संस्थेत जाऊन काम करण्याची मुभा असते: प्रत्येक देशात कोणत्याही ३६० दिवसांत १८० दिवसांपर्यंत. काही देश आधी कळवायला सांगतात, म्हणून निघण्यापूर्वी दोन्हीकडच्या संस्थांना लिहा.

जर्मनीत उतरल्यावर दोन आठवड्यांत राहत्या पत्त्याची महापालिकेत नोंद करावी लागते. घरमालकाचं सहीचं पत्र त्याला लागतं, ते घर ठरवतानाच मागून घ्या. ही नोंद नसली की बँक, परवाना, सगळंच अडतं.

अमेरिका: जे-१ आणि त्याचे पोटप्रकार

अमेरिकेला थोड्या काळासाठी जाणाऱ्या बहुतेक प्राध्यापकांना जे-१, म्हणजे शैक्षणिक देवाणघेवाणीचा व्हिसा, मिळतो. यजमान विद्यापीठ डीएस-२०१९ नावाचा कागद काढून देतं. तो आल्यावर सेव्हिस या सरकारी नोंदणी यंत्रणेचे २२० डॉलर, डीएस-१६० हा व्हिसाअर्जाचा फॉर्म, १८५ डॉलर व्हिसाशुल्क, आणि मग मुंबईला बांद्रा-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात मुलाखत. बोटांचे ठसे द्यायला त्याआधी वेगळं जावं लागतं. जून २०२५ पासून जे व्हिसाच्या अर्जदारांना समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगितलं जातं. सप्टेंबर २०२५ पासून मुलाखत आपल्याच देशात किंवा जिथे कायदेशीर वास्तव्य आहे तिथेच द्यायची आहे, म्हणजे बँकॉकला जाऊन लवकर तारीख मिळवण्याची युक्ती आता चालत नाही.

पण मला इथे सांगायचंय ते वेगळंच. डीएस-२०१९ वर एक रकाना असतो, तुमचा प्रकार कोणता. "शॉर्ट-टर्म स्कॉलर" की "रिसर्च स्कॉलर"? विद्यापीठाची कारकून मंडळी सवयीने दुसरा टाकतात आणि आपल्या मंडळींना वाटतं, काय फरक पडतो. फरक पडतो.

शॉर्ट-टर्म स्कॉलर म्हणजे जास्तीत जास्त सहा महिने, वाढ नाही. रिसर्च स्कॉलर म्हणजे पाच वर्षांपर्यंत. दुसराच चांगला वाटतो ना? पण रिसर्च स्कॉलर म्हणून गेलात आणि चार महिन्यांत काम आटोपून परत आलात, तर पुढचे २४ महिने पुन्हा रिसर्च स्कॉलर किंवा प्रोफेसर म्हणून जाता येत नाही. पाच वर्षांतले चार महिने वापरले आणि बाकीचे वाया गेले. शॉर्ट-टर्मला हे बंधन नाही. म्हणून पाच महिन्यांचं काम असेल आणि वर्षा-दीड वर्षात लांब मुदतीचं बोलावणं येण्याची शक्यता असेल, तर कागद निघण्यापूर्वीच यजमानांना शॉर्ट-टर्म टाकायला सांगा. उलट मुक्काम लांबण्याची शक्यता असेल तर रिसर्च स्कॉलरच बरा. हा निर्णय कागद निघाल्यावर घेता येत नाही.

दुसरी अट दोन वर्षं मायदेशी राहण्याची. दौऱ्याचा पैसा अमेरिकेच्या किंवा भारताच्या सरकारकडून आला असेल, उदाहरणार्थ फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्ती, तर परत येऊन एकूण दोन वर्षं भारतात राहिल्याशिवाय नोकरीचा एच किंवा एल व्हिसा आणि ग्रीन कार्ड मिळत नाही. पूर्वी "कौशल्य यादी"मुळे (कोणत्या देशाला कोणती कौशल्यं मायदेशी हवीत याची अमेरिकेची यादी) कित्येक भारतीयांना ही अट लागायची. ९ डिसेंबर २०२४ च्या सुधारित यादीतून भारताचं नाव निघालं. सरकारी पैसा असेल तर मात्र अट कायम. थोड्या काळासाठी जाणाऱ्याला ही अट त्रासाची नसते, पण मुलगा-सून तिकडे स्थायिक असतील आणि पुढे काय होईल सांगता येत नाही अशी स्थिती असेल, तर सही करण्याआधी माहीत असावी.

कार्यक्रम सुरू होण्याच्या ३० दिवस आधीपर्यंत जाता येतं, संपल्यावर ३० दिवस थांबता येतं. त्या शेवटच्या तीस दिवसांत काम करायचं नाही आणि कॅनडात डोकावून परत येऊ म्हणायचं नाही, आत घेणार नाहीत. आय-९४ वर जे-१ धारकांना तारखेऐवजी "डी/एस", म्हणजे कार्यक्रम चालू असेपर्यंत, असं लिहून यायचं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने त्याजागी ठरावीक तारीख देण्याचा प्रस्ताव मांडला. म्हणून तुमच्या आय-९४ वर काय आहे ते डोळ्यांनी पाहा, शेजारच्या विभागातल्या सरांना तीन वर्षांपूर्वी काय मिळालं होतं त्यावर जाऊ नका.

आरोग्यविम्याची किमान रक्कम जे-१ च्या नियमांतच ठरलेली आहे: प्रत्येक आजारामागे एक लाख डॉलर. पती किंवा पत्नी जे-२ या कुटुंबीयांच्या व्हिसावर गेली तर तिथे पोहोचल्यावर कामाच्या परवानगीसाठी अर्ज करू शकते.

एक-दोन व्याख्यानांसाठीच जायचं असेल तर जे-१ ची गरज नाही. बी-१ वर मानधन घेता येतं, फक्त एका संस्थेत कार्यक्रम नऊ दिवसांहून लांब नको आणि सहा महिन्यांत पाचपेक्षा जास्त संस्थांकडून घेऊ नका.

करांचं एक वाक्य. भारत-अमेरिका करारात शिक्षक-संशोधकांना तिथल्या वेतनावर दोन वर्षांपर्यंत आयकर माफी आहे, पण मुक्काम दोन वर्षांच्या वर गेला तर माफी सुरुवातीपासूनच हातची जाते. दोन वर्षं आणि दोन महिने असं काही ठरत असेल तर आधी सीएकडे जा.

ब्रिटन, जपान आणि बाकीचे

ब्रिटनमध्ये अभ्यासरजेवर (सब्बॅटिकलवर) असलेल्या, स्वतःचं संशोधन किंवा विद्यापीठांमधल्या औपचारिक देवाणघेवाणीसाठी आलेल्या प्राध्यापकांना व्हिजिटर व्हिसावरच १२ महिन्यांपर्यंत राहता येतं. बाकीच्या व्हिजिटरांना सहा महिनेच मिळतात, त्यामुळे ही सोय पुष्कळांना ठाऊकच नसते. नोकरी इथली चालू हवी, तिथलं वेतन घ्यायचं नाही. सहा महिन्यांहून जास्त राहायचं तर त्यांनी मान्य केलेल्या केंद्रात क्षयरोगाची तपासणी लागते. पैसे घेऊन व्याख्यान द्यायचं असेल तर ते निघण्यापूर्वी ठरलेलं हवं आणि उतरल्यापासून ३० दिवसांत उरकायला हवं. रसायन, अभियांत्रिकी, पदार्थविज्ञानातल्या काही विषयांना एटास नावाचं सुरक्षा प्रमाणपत्र लागतं, ते व्हिसाच्या आधी. त्याला आठवडे जातात आणि ते विसरल्याने तारखा पुढे ढकलाव्या लागतात. तिथल्या वेतनावर जायचं असेल तर गव्हर्नमेंट ऑथराइज्ड एक्स्चेंज या व्हिसाचा रस्ता पाहा. त्यात आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, तोही आगाऊ.

जपानचं काम मला सर्वांत शिस्तीचं वाटतं. यजमान विद्यापीठ तिथे "सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी" काढतं, ते तीन महिने चालतं, त्या काळात व्हिसा घेऊन जपानमध्ये उतरायचं. मोठ्या विमानतळांवर रेसिडेन्स कार्ड तिथल्या तिथे हातात देतात. घर मिळाल्यापासून १४ दिवसांत पत्ता नोंदवायचा.

कॅनडात सरकारी अनुदानाच्या विद्यापीठात संशोधनासाठी १२० दिवसांपर्यंत वर्क परमिट लागत नाही, बारा महिन्यांतून एकदाच. आत जायला व्हिसा मात्र लागतोच. ऑस्ट्रेलियात ४०८ क्रमांकाच्या व्हिसात संशोधनाचा प्रवाह आहे, दोन वर्षांपर्यंत.

आता घरची बाजू: नाव, रजा, परवानगी

परदेशी कार्यालयांपेक्षा आपल्याकडच्या कागदांत जास्त वेळ जातो, हे ऐकायला बरं वाटत नाही पण खरं आहे.

आधी नाव. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पुणे विद्यापीठाच्या पीएच.डी.वर माहेरचं आडनाव. पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि नवऱ्याचं नाव. शोधनिबंधांवर पुन्हा माहेरचंच, कारण नाव तिथे झालेलं. आपल्याला यात काही गोंधळ दिसत नाही, पण तिकडच्या अधिकाऱ्याला तीन बायका दिसतात. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि असेल तर राजपत्रातली नावबदलाची नोंद, दोन्ही इंग्रजी भाषांतरासह फायलीत ठेवा. यजमानांना सांगा, की सगळ्या कागदांवर पासपोर्टचंच नाव टाका, शोधनिबंधावरचं नाही. ते तुम्हाला शोधनिबंधावरूनच ओळखतात, त्यामुळे ही चूक हमखास होते.

पासपोर्ट सेवा केंद्र नाशकातच आहे, नूतनीकरणाला मुंबई गाठावी लागत नाही. मुक्कामाच्या मध्येच पासपोर्ट संपत असेल तर निघण्यापूर्वी नवा करून घ्या, नाहीतर राहण्याचा परवाना पासपोर्ट संपतो त्या तारखेपर्यंतच देतात. सरकारी नोकरांना पासपोर्टसाठी ना-हरकत किंवा कार्यालयाला पूर्वसूचना दिल्याचं पत्र लागतं.

रजेचा प्रकार दिवसांवरून ठरतो. परिषद किंवा व्याख्यानाला कर्तव्य रजा, शैक्षणिक वर्षात ३० दिवसांपर्यंत. यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक म्हणून सात वर्षं झाली असतील तर सब्बॅटिकल, एका वेळी एक वर्ष आणि पूर्ण सेवेत दोन वर्षं. त्याखालच्यांसाठी अध्ययन रजा आहे, पण परतल्यावर किमान तीन वर्षं सेवा करण्याचा बाँड लिहून द्यावा लागतो. अनुदानित कॉलेजात अर्ज प्राचार्यांकडून संस्थेकडे, तिथून विद्यापीठ आणि सहसंचालक कार्यालयाकडे असा फिरतो. संस्थेच्या कार्यकारिणीची बैठक महिन्यातून एकदा होत असेल आणि तुमचा अर्ज आदल्या दिवशी पोहोचला नसेल, तर एक महिना गेला. बैठकीची तारीख कार्यालयातल्या बाबूंकडून आधी काढून घ्या.

रजा मंजुरीच्या पत्रात तारखा आमंत्रणपत्राच्याच हव्यात, प्रवासाचे एक-दोन दिवस दोन्ही बाजूंना जोडून. "परतल्यावर सेवेत रुजू होतील" हे वाक्य पत्रात असेल याची खात्री करा. तुम्ही परत येणार याचा दूतावासासाठी तोच सर्वांत भक्कम पुरावा, बँकेतल्या आकड्यांपेक्षाही.

शासकीय किंवा शासनाच्या नियंत्रणातल्या संस्थेत असाल आणि विमानभाडं किंवा राहणं परदेशी संस्था देणार असेल, तर परकीय आदरातिथ्य घेण्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी लागते. तो अर्ज ऑनलाइन, एफसी-२ नमुन्यात. पुष्कळांना हे विमानतळावरून परतल्यावर कळतं.

भारतातल्या आयकरासाठीही दिवस मोजले जातात. नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्याचा त्या आर्थिक वर्षातला भारतातला मुक्काम १८२ दिवसांहून कमी झाला, तर तो त्या वर्षापुरता अनिवासी ठरतो. ऑगस्टमध्ये निघायचं की नोव्हेंबरमध्ये, हे ठरवताना तेवढं एकदा पाहा.

अर्जाचा दिवस आणि नंतर

बहुतेक देशांची व्हिसा केंद्रं मुंबईला, बऱ्याच देशांची पुण्यातही आहेत. सकाळी दहाची वेळ असेल तर पंचवटी एक्स्प्रेसच्या भरवशावर राहू नका, कसाऱ्यापुढे गाडी कधी रखडेल सांगता येत नाही. आदल्या रात्री जा किंवा दुपारची वेळ घ्या. द्वारकेवरून शेअर टॅक्सी मिळते. स्वतःची गाडी असेल तर जून २०२५ पासून समृद्धीवर इगतपुरीहून थेट भिवंडीजवळ आमण्यापर्यंत उतरता येतं, कसारा घाट टळतो. पुढचं ठाणं मात्र टळत नाही.

मुलाखतीत विषय समजावून सांगायला लागू नका. अधिकाऱ्याला डाऊनीत रस नसतो. काय करणार, कोणाबरोबर, किती दिवस, पैसे कोणाचे आणि परत येऊन काय, ही पाच उत्तरं प्रत्येकी एका वाक्यात आणि आमंत्रणपत्राशी तंतोतंत जुळणारी हवीत.

तिथे गेल्यावर मुक्काम वाढवावासा वाटला तर आधीची मुदत संपण्यापूर्वी अर्ज आणि इथली रजावाढ, दोन्ही एकदमच हलवा. तिकडची मुदत वाढली आणि इकडची रजा संपली, असं झालं तर पगार थांबतो. कमी मुदतीचा शेंगेन व्हिसा आजारपण किंवा तशाच अडचणीशिवाय वाढत नाही, काम उरलंय हे कारण चालत नाही.

बोर्डिंग पास टाकून देऊ नका. सीमेवरचे शिक्के कमी होत चालल्यामुळे कधी गेलात आणि कधी आलात याचा तुमच्याकडचा पुरावा तोच. पुढच्या व्हिसाला लागतो, आणि त्याआधी कॉलेजच्या कार्यालयात रुजू अहवालासोबत जोडायलाही लागतो. सेवापुस्तकात रजेची नोंद झाली की नाही ते महिन्याभरात स्वतः जाऊन पाहा.